आठवीपासून नीट-जेईईची तयारी सुरू करावी का?

सोलापुरातील एका पालक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी आठवीत, सेमी-इंग्रजी माध्यमात शिकते. गणितात ती बरी आहे आणि डॉक्टर की इंजिनीअर हे अजून ठरलेले नाही. एका क्लासने आठवी ते दहावी असा नीट-जेईईच्या पूर्वतयारीचा तीन वर्षांचा ‘फाउंडेशन’ कोर्स सुचवला असून सगळे शुल्क प्रवेशाच्या वेळीच भरल्यास सवलत देऊ केली आहे. शेजारच्या मुलांनी नाव घातलेही आहे, त्यामुळे आता सुरुवात केली नाही तर मुलगी मागे पडेल का, आणि दहावीनंतर तिला क्लाससाठी लातूरला किंवा राजस्थानातील कोट्याला पाठवावे का, अशी काळजी त्यांना वाटते. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवण्याचे काम मी सोलापुरात दोन दशकांहून अधिक काळ करत आहे आणि हाच प्रश्न दर जूनमध्ये पालक घेऊन येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे मत आधी स्पष्ट सांगतो. आठवीत प्रवेश परीक्षेची तयारी सुरू करू नये. ती दहावीची बोर्डाची परीक्षा संपल्यावर लगेच सुरू करावी आणि मग मात्र अकरावीचा एकही महिना हातचा घालवू नये. आठवी ते दहावी या काळात गणिताचा हात, वाचनाची सवय आणि विज्ञानाचे इंग्रजी एवढ्या तीन गोष्टी पक्क्या झाल्या, तर पुढच्या परीक्षेसाठी त्या वयात करण्यासारखे जे काही असते ते सगळे झाले असे समजावे.

या मतामागचे पहिले कारण परीक्षेच्या स्वरूपात आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण आणि १८० मिनिटे असतात; त्यांतील ९० प्रश्न जीवशास्त्राचे आणि प्रत्येकी ४५ भौतिक व रसायनशास्त्राचे. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा होतो. इंजिनीअरिंग प्रवेशाच्या जेईई मेनमध्ये तीन विषयांचे मिळून ७५ प्रश्न आणि ३०० गुण असतात. राज्याच्या एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, भौतिक व रसायनशास्त्राचे प्रश्न प्रत्येकी १ गुणाचे, आणि चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. या तिन्ही परीक्षांचा अभ्यासक्रम अकरावी आणि बारावीचा आहे. आठवी-नववीच्या पुस्तकावर त्यांत थेट प्रश्न येत नाही. तेव्हा फाउंडेशन कोर्समध्ये ‘नीट-जेईईची तयारी’ म्हणून जे शिकवले जाते, ते एकतर शाळेचाच अभ्यासक्रम वेगळ्या वेष्टनात असते, नाहीतर अकरावीचा भाग तीन वर्षे आधी आणि म्हणून अर्धवट शिकवलेला असतो. यातील दुसरा प्रकार अधिक नुकसानकारक ठरतो. त्याकडे पुढे येतो.

दुसरे कारण असे की चार वर्षांनंतरची परीक्षा नेमकी कशी असेल हे आज कोणत्याही क्लासला सांगता येत नाही. जे मूल २०१९-२० मध्ये आठवीत होते ते २०२४ मध्ये नीटला बसले. या दरम्यान २०२१ मध्ये नीटमध्ये २०० पैकी १८० प्रश्न सोडवण्याची मुभा आली, २०२२ मध्ये वेळ २०० मिनिटांची झाली, आणि २०२४ च्या परीक्षेसाठी अभ्यासक्रम कमी होऊन रसायनशास्त्रातील स्थायू अवस्था, पृष्ठभाग रसायन, बहुवारिके यांसारखी प्रकरणे वगळली गेली. पुढे २०२५ मध्ये प्रश्नांची ती मुभाही गेली आणि वेळ पुन्हा १८० मिनिटांवर आली. राज्यातील इंजिनीअरिंगच्या पालकांचा अनुभव तर याहून जुना आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये राज्यातील इंजिनीअरिंगचे प्रवेश जेईई मेनच्या आधारे झाले आणि २०१६ पासून पुन्हा सीईटी आली. त्या वेळी आठवीपासून एकाच परीक्षेचे तंत्र घोटलेल्या मुलांच्या हाती त्यातले किती उरले असेल, याचा विचार करावा. परीक्षेचे तंत्र ही शेवटच्या वर्षात शिकण्याची गोष्ट आहे, आणि समजूत पक्की असेल तर ते काही महिन्यांत येते.

आता अर्धवट शिकण्याचा मुद्दा. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात मी मुलांना बहुधा दोन साधे प्रश्न देतो. पहिला प्रश्न असा: २० मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू २ सेकंदांत जमिनीवर येतो, उंची दुप्पट केली तर किती वेळ लागेल? फाउंडेशन करून आलेली मुले गतीची समीकरणे तोंडपाठ म्हणून दाखवतात, कोणते समीकरण लागते हेही त्यांना ठाऊक असते, तरीही ‘४ सेकंद’ हे उत्तर त्यांच्यातही पुष्कळदा येते. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे खाली येताना चेंडूचा वेग वाढत गेल्याने खालचे २० मीटर त्याने वरच्या २० मीटरपेक्षा लवकर कापले पाहिजेत, हे चित्र डोळ्यांसमोर नसते. ते असले तर मूल समीकरण न लिहिताही सांगते की वेळ ४ सेकंदांपेक्षा कमीच असणार, आणि मग आकडेमोड करून साधारण २.८ सेकंदांपर्यंत पोहोचते.

दुसरा प्रश्न याहूनही सोपा आहे. २० ओहम आणि ३० ओहमचे दोन रोध समांतर जोडले तर एकूण रोध किती? सूत्र सगळे बरोबर लिहितात: एक छेद आर बरोबर एक छेद वीस अधिक एक छेद तीस. पुढच्या ओळीत मात्र काही मुले सरळ प्रत्येक पदाचा व्यस्त घेऊन उत्तर ५० लिहितात. बरोबर उत्तर १२ आहे, आणि समांतर जोडणीत एकूण रोध दोन्हींपैकी लहान रोधापेक्षाही कमी येतो हे आठवले असते तरी ५० हा आकडा खटकला असता. ही चूक भौतिकशास्त्राची नाही. अपूर्णांकांची बेरीज पाचवी-सहावीत शिकवली जाते, तिथेच ती राहून गेलेली असते आणि पुढची सगळी वर्षे सूत्रांच्या आड लपून राहते. भिंगाचे सूत्र, स्प्रिंगांची जोडणी, रसायनातील संहतीची गणिते, अशा कित्येक ठिकाणी ती पुन्हा डोके वर काढते. आठवीतल्या मुलीला भिंगाचे सूत्र आधी शिकवून तिला काही मिळत नाही. अपूर्णांक, गुणोत्तर, घातांक आणि बीजगणितातील पदांची हलवाहलव यांवर तिचा हात बसला तर अकरावीत तीच सूत्रे ती एका तासात आत्मसात करते.

अर्धवट शिकण्याचा आणखी एक परिणाम वर्गात दिसतो. जे मूल नववीत न्यूटनचे नियम आणि अकरावीचे घर्षण ‘करून’ आलेले असते ते अकरावीच्या वर्गात त्या प्रकरणाला कान देत नाही, कारण ते आपल्याला येते अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ज्याची पाटी कोरी असते तो विद्यार्थी विचारतो, अडतो, पुन्हा करतो आणि दिवाळीपर्यंत पुढे निघून जातो. प्रत्येक मुलाचे असेच होते असे मी म्हणत नाही, पण पालकांना वाटते त्यापेक्षा हे अधिक वेळा घडते. याला थकव्याची जोड मिळते. आठवीपासून दर रविवारी टेस्ट, दर टेस्टनंतर क्रमांकाची यादी आणि यादीवरून घरात बोलणी, या क्रमातून आलेले मूल, ज्या वर्षी खरा जोर लावायचा त्या वर्षी, अभ्यासाला कंटाळलेले असते. तेरा वर्षांच्या मुलीला चार वर्षांनंतरच्या परीक्षेची भीती दाखवून अभ्यासाला बसवता येते; ती भीती चार वर्षे टिकवता मात्र येत नाही.

फाउंडेशन वर्ग इतके का वाढले, हेही पालकांनी समजून घ्यावे. क्लासच्या दृष्टीने आठवीत आलेले मूल बारावीपर्यंत टिकण्याची शक्यता असते आणि अकरावीच्या प्रवेशासाठी करावी लागणारी धावपळ वाचते. व्यवसाय म्हणून त्यात गैर काही नाही, आणि काही ठिकाणी शिक्षक मनापासून शिकवतात हेही खरे आहे. पण क्लासची ही गरज आहे म्हणून ती मुलीचीही गरज ठरत नाही.

मग मुले मागे पडतात ती कुठे? माझ्या अनुभवात बहुतेकांचे नुकसान अकरावीत होते. दहावीचा निकाल, प्रवेशाच्या फेऱ्या आणि त्यानंतर रडतखडत सुरू होणारे वर्ग यांत जुलै-ऑगस्ट उजाडतो. मग गणपती, नवरात्र, दिवाळी, आणि जानेवारीत आपल्या सिद्धेश्वराची यात्रा. अकरावीला बोर्ड नाही म्हणून घरचेही म्हणतात, आत्ताच दहावीला दमली आहे, जरा श्वास घेऊ दे. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्केच वजन आहे, हे त्यावरचे आणखी एक निमित्त. परंतु जेईई आणि नीटमध्ये अकरावीचा वाटा जवळजवळ निम्मा असतो, आणि सीईटीपुरते पाहिले तरी बारावीचा पाया अकरावीतच आहे. राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले पहिलेच प्रकरण घूर्णन गतिकीचे आहे. ज्याला अकरावीतले बल, संवेग आणि सदिश नीट कळलेले नाहीत त्याला ते पहिल्या पानापासून परके वाटते. गणितात कलन आणि त्रिकोणमितीचेही तेच. पुढच्या वर्षी, होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेची जत्रा, म्हणजे गड्डा, भरलेला असतो त्याच महिन्याच्या उत्तरार्धात, जेईई मेनचे पहिले सत्र येते, त्यापाठोपाठ प्रात्यक्षिके आणि फेब्रुवारीत बोर्ड. अकरावी राहून गेलेल्या मुलाला ती भरून काढायला या वेळापत्रकात जागाच सापडत नाही.

म्हणून ‘लवकर’ सुरुवात करायचीच असेल, तर तिचा योग्य काळ दहावीनंतरचा आहे. बोर्डाची परीक्षा साधारण मार्चच्या मध्यास संपते आणि अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत तीन-चार महिने हातात असतात. बहुतेक मुलांच्या बाबतीत हा काळ सुटीत विरून जातो. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात दुपारी काही होत नाही हे मान्य, पण सकाळी सहा ते साडेआठ रोज बसले तरी वर्गसमीकरणे, त्रिकोणमितीची गुणोत्तरे, लॉगॅरिदम, आलेख वाचणे, सदिशांची बेरीज आणि रसायनातील मोल संकल्पना एवढे सहज होते. ज्या मुलीने हे केले ती अकरावीच्या पहिल्या प्रकरणात अडत नाही. आठवीपासूनच्या तीन वर्षांच्या फाउंडेशनपेक्षा हे तीन महिने मला अधिक मोलाचे वाटतात. दहावीनंतर सुरुवात केली तरी नीट साधारणतः मेच्या पहिल्या रविवारी असते हे धरून मुलीच्या हातात दोन वर्षांहून थोडा अधिकच काळ राहतो, आणि तो पुरेसा आहे.

आपल्या प्रश्नात भाषेचा उल्लेख ओझरता आहे, पण सोलापुरात तो मोठा विषय आहे. पूर्व भागातील कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणाऱ्यांच्या घरी कन्नड. शाळा मराठी आणि अकरावीला सायन्स घेतले की एकदम इंग्रजी. नीट आणि जेईई मेन मराठीतूनही देता येतात ही चांगली सोय आहे, पण आयआयटीसाठीची जेईई अॅडव्हान्स्ड इंग्रजी आणि हिंदीतच असते, आणि अकरावीनंतरची पुस्तके व सराव-संच बहुतांशी इंग्रजीत असतात. नीटमध्ये सरासरी एका प्रश्नाला एक मिनिट मिळते. त्या मिनिटात प्रश्न दोनदा वाचावा लागला तर येणारे उत्तरही हातचे जाते. आपली मुलगी सेमी-इंग्रजीत असल्याने तिला विज्ञानाचे शब्द ओळखीचे असतील, पण शब्द ओळखणे आणि सलग परिच्छेद वाचून त्यातला अर्थ लावणे यांत अंतर आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा तिने विज्ञानाचे इंग्रजी पान मोठ्याने वाचावे आणि त्यात काय सांगितले आहे ते मराठीत आपल्याला सांगावे. आपल्याला विज्ञान येत नसले तरी चालेल. तिचे सांगणे आपल्याला कळले नाही, तर तिलाही ते नीट कळलेले नाही असे समजावे आणि पुन्हा वाचायला लावावे.

गणितासाठी रोज अर्धा-पाऊण तास पुरे. तीसपर्यंतचे पाढे आणि तीसपर्यंतचे वर्ग तोंडपाठ असावेत. हे जुन्या वळणाचे वाटेल, पण या तिन्ही प्रवेश परीक्षांत कॅल्क्युलेटर चालत नाही आणि आकडेमोडीत गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. शाळेच्या पुस्तकातील प्रत्येक सरावसंच स्वतः सोडवावा, मार्गदर्शिका उघडून उतरवून काढू नये. एखादे उदाहरण अडले तर ते लगेच विचारण्याऐवजी दुसऱ्या दिवशीपर्यंत तसेच राहू द्यावे. अडलेल्या उदाहरणाशी एकटीने झगडण्याची सवय आठवी-नववीत लागली तर जेईईचा प्रश्न पाहून हातपाय गळत नाहीत, आणि ही सवय कोणत्याही क्लासला शुल्क घेऊन लावता येत नाही. परीक्षेचा सराव हवाच असेल तर शासकीय किंवा अनुदानित शाळेतील आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा आहे; पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मुलीची निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यात बुद्धिमत्ता आणि शालेय विषयांचे बहुपर्यायी प्रश्न असतात, त्यामुळे वेळ लावून पेपर सोडवण्याची सवय आपोआप होते.

याला अपवाद आहेत. एखाद्या मुलीला गणिताची उपजत ओढ असते, शाळेचे पुस्तक तिला महिन्यात संपते आणि ती स्वतःहून अवघड उदाहरणे मागते. तिला ऑलिम्पियाडच्या वाटेने जाऊ द्यावे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या गणित ऑलिम्पियाडचे प्रश्न तिला फाउंडेशनच्या टेस्ट सिरीजपेक्षा कितीतरी अधिक देतील. दुसरा अपवाद याच्या उलट टोकाचा आहे. शाळेत गणिताला शिक्षकच नाहीत किंवा वर्ग नियमित होत नाहीत, तर बाहेरची शिकवणी लावण्यावाचून गत्यंतर नाही. अशा वेळी घराजवळची, मोजक्या मुलांची, शाळेचेच पुस्तक नीट शिकवणारी शिकवणी निवडावी. तिच्या पाटीवर नीट-जेईई लिहिलेले नसले तरी काही बिघडत नाही.

शुल्काविषयी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांत १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, प्रवेश दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा, गुणांची किंवा क्रमांकाची हमी देऊ नये, आणि पूर्ण शुल्क भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच अभ्यासक्रम सोडला तर उरलेल्या काळाचे शुल्क १० दिवसांत परत करावे, असे म्हटले आहे. सूचनांची अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली असल्याने प्रत्येक ठिकाणी तसेच घडते असे नाही, पण आठवीच्या मुलीसाठी तीन वर्षांचे पैसे एकरकमी मागणाऱ्या क्लासपुढे त्या ठेवून लेखी उत्तर मागायला हरकत नाही. सवलतीसाठी पूर्ण रक्कम भरू नये. मुलीला तिसऱ्या महिन्यात तिथे जावेसे वाटेनासे झाले तर केवळ पैसे अडकले म्हणून तिला पाठवत राहण्याची वेळ आपल्यावर येईल.

राहिला लातूर-कोट्याचा प्रश्न. तो आज सोडवण्याचे कारण नाही. दहावीच्या वर्षी, मुलीचा कल वैद्यकीयकडे आहे की इंजिनीअरिंगकडे हे दिसल्यावर त्याचा विचार करावा. तरी दोन गोष्टी आताच ध्यानात ठेवाव्यात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या वाट्यातून भरल्या जातात, आपल्या डॉ. वैशंपायन स्मृती महाविद्यालयातीलही, आणि त्या जागांसाठी सर्वसाधारणपणे दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावे लागते. अकरावी-बारावीचा प्रवेशच राजस्थानात घेतला तर हा हक्क अडचणीत येऊ शकतो. लातूरला हा प्रश्न नाही. दुसरी गोष्ट उपस्थितीची. क्लास एका गावी आणि कॉलेजात नाव दुसऱ्या गावी, अशी नुसती नावापुरती व्यवस्था करून देणारे पुष्कळ भेटतील, पण त्यात प्रयोगशाळा पूर्णपणे सुटते आणि बारावीचे गुणही ढासळतात. नीटसाठी खुल्या प्रवर्गाला बारावीत भौतिक, रसायन व जीवशास्त्रात मिळून ५० टक्के लागतात. एनआयटी-आयआयटीसाठी ७५ टक्के किंवा मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणे आवश्यक आहे. लातूरला पाठवायचे ठरलेच तर दहावीच्या सुटीत मुलीला घेऊन तिथे जावे, वर्ग आणि वसतिगृह दोन्ही पाहावीत, आणि राहायचे की नाही याचे उत्तर तिलाच देऊ द्यावे.